व्हीव्हीएसच्या मागे लागण्याआधी

भाऊ, जळगावच्या सराफ बाजारात सोन्याची पारख घरची मोठी माणसं करतात, हिऱ्यापाशी मात्र सगळे गप्प होतात. क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याची निर्मळता; ती १० पट भिंगाखाली दिसणाऱ्या दोषांवरून ठरते. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या मापात ११ पायऱ्या आहेत, निर्दोष फ्लॉलेसपासून सर्वांत जास्त दोषांच्या आय३ पर्यंत; मध्ये उतरत्या क्रमाने व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय येतात. अर्ध्या कॅरटच्या गोल खड्याला व्हीएस२ पुरेशी, एसआय१ही बऱ्याचदा चालते. व्हीव्हीएसचे जादा पैसे चांगल्या कटवर, म्हणजे पैलू पाडण्याच्या कामावर घाला, चमक तिथून येते.

ग्रेडपेक्षा दोष कुठे आहे ते बघा. खडा मोकळा असतानाच चिमट्यात धरा, भिंग डोळ्याला अगदी चिकटवा आणि खडा इंचभर अंतरावर आणा. वरच्या सपाट टेबलाखाली मधोमध काळा ठिपका असेल तर सोडून द्या. तोच कडेला असला तर प्राँगखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या धातूच्या नखीखाली झाकला जातो. पण गर्डलपर्यंत, म्हणजे खड्याच्या कंबरेपर्यंत पोचलेली भेग घेऊ नका. प्राँग दाबताना खडा तिथेच टवकू शकतो. एमराल्ड कट, म्हणजे पायऱ्यांसारख्या पैलूंचा चौकोनी खडा घेत असाल तर ग्रेड एक पायरी वरची हवी, त्याच्या रुंद पैलूंतून सगळं आरपार दिसतं.

खडा हलवताना भेगेत निळी-जांभळी किंवा नारिंगी झाक चमकली, तर आत काच भरलेली असू शकते. दागिना दुरुस्तीला गेला की आचेने ती भरण बिघडते आणि भेग उघडी पडते. असा खडा नकोच.

गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर असेल, तर तो भिंगातून वाचून सर्टिफिकेटशी ताडा. आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली ठरवू नका; खडा दाराशी न्या, आपल्याकडच्या भर उन्हात नव्हे, सावलीतल्या उजेडात बघा.