वाईहून एका सकाळी नदीकाठ आणि घाट दोन्ही होईल असा रोड सायकलचा रस्ता कोणता?

वाई–मेणवली–धोम करून परत वाईला या आणि मग पसरणी घाटाने पाचगणी गाठा. मी हा रस्ता बऱ्याचदा केलाय. मेणवली वाईपासून जेमतेम ३ किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर दगडी घाट आहे, पाच मिनिटं पायऱ्यांवर टेकाच. धोमपर्यंत पाय मोकळे होतात. खरा कस पसरणीत: साधारण १२ किलोमीटरमध्ये ५०० मीटरहून जास्त चढ. सुरुवातीलाच जोर लावू नका, हलक्या गिअरवर एका लयीत चढा. वरच्या वळणांवरून खाली कृष्णेचं खोरं दिसतं, दम तिथे खा. फक्त शनिवार-रविवार टाळा. महाबळेश्वरच्या गाड्यांमुळे उतरताना रस्ता अपुरा पडतो.