फाईलच्या मागचा ‘नंतर?’

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर असतात. गुदाशयाचा कॅन्सर निघालाय. पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू होईल, मग ऑपरेशन. डॉक्टर सगळं समजावतात, पण नवरा-बायकोच्या संबंधांचं काही बोलत नाहीत. ह्यांनी फाईलच्या मागे पेन्सिलीने ‘नंतर?’ एवढंच लिहून ठेवलंय. आम्हाला एक मुलगी आहे. मी विचारलं तर निर्लज्ज म्हणतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, कोणी काही म्हणणार नाही. ती फाईल मागची बाजू वर करून सर्जनसमोर ठेवा. मी वर्षानुवर्षं हीच ऑपरेशनं करतोय. पुरुष हा प्रश्न विचारतात तो निघताना, दाराच्या कडीला हात लावून. कित्येक जण तर ऑपरेशन होऊन वर्ष गेल्यावर.

आधी घाईचं सांगतो. दुसरं मूल हवं असेल, तर रेडिएशनच्या आधीच वीर्य गोठवून ठेवा. दोन-चार दिवसांचं काम आहे.

आता ऑपरेशन. गुदाशयाभोवती चरबीचं पिवळं आवरण असतं आणि त्याला अगदी खेटून पांढरट, दोऱ्यासारख्या नसा खाली उतरतात. काही नसा वीर्य बाहेर टाकण्याचं काम बघतात, प्रोस्टेटच्या बाजूने जाणाऱ्या ताठरतेचं. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे आवरण बरोबर थरातून, डोळ्यांनी बघत, अखंड सोडवून काढायची पद्धत मांडली. त्याने कॅन्सर तिथेच पुन्हा उद्भवणं कमी झालं आणि नसाही राखता येऊ लागल्या. तुमचे मिस्टर मागावर तुटलेला धागा गाठ मारून जोडत असतील. ही नस तशी जुळत नाही. म्हणून आधीच विचारा, ‘नसा वाचतील का?’ गाठ नसेला चिकटलेली निघाली तर मात्र नसेवर पाणी सोडावं लागतं. तिथे मीही कॅन्सरच आधी काढीन.

नंतर काही महिने ताठरता आली नाही तरी खचू नका. दुखावलेली नस सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. वीर्य आलं नाही तरी सुख मिळू शकतं. गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे. सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी जिवावर बेतेल इतकं उतरतं. पोटावर शौचाची पिशवी आली तर जवळ येण्याआधी रिकामी करावी, वरून सुती पट्टा बांधावा.

पुढच्या वेळी दोघंही आत जा. त्यांच्या तोंडून फुटला नाही, तर तो एक शब्द तुम्ही वाचून दाखवा.