मुलाची शाळा बदलण्याआधी त्याची डोकेदुखी बघा

नमस्कार,

तुमचं पत्र थोडक्यात असं. वेस्ट टेक्सासमधलं लहान गाव, पत्नी तिथल्या इस्पितळात डॉक्टर, तुम्ही घरून सॉफ्टवेअरचं काम करता. मुलगा दहावीत, उंची पाच फूट नऊ इंच, वजन 155 पौंड. शाळा टू-ए, म्हणजे लहान शाळांच्या गटातली, अमेरिकन फुटबॉलला सगळी मिळून 24 मुलं. तो आक्रमणात गार्ड (समोरच्यांना अडवून वाट करणारा) आणि बचावात लाइनबॅकर (पुढच्या रांगेमागे राहून चेंडूवाल्याला पाडणारा), म्हणजे दोन्हीकडे खेळतो. सात सामन्यांपैकी पाच हरलेत, त्यातला एक 56-7 असा. सत्तर मैलांवरच्या शहरात सिक्स-ए, म्हणजे सगळ्यात मोठ्या शाळांच्या गटातली नावाजलेली शाळा आहे. तिथे घर भाड्याने घेऊन अकरावीपासून तुम्ही बापलेकांनी राहायचं, म्हणजे कॉलेजच्या कोचांची नजर पडेल आणि स्कॉलरशिप मिळेल, असा तुमचा बेत. मुलगा नको म्हणतो. तुम्ही विचारता, अशा छोट्या शाळेचा मोठ्यांपुढे कधी निभाव लागेल का?

लागतो, आणि कसा ते पुढे लिहितो. त्याआधी तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट. दोन आठवड्यांपूर्वी टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला पाडताना त्याचं डोकं आपटलं आणि वाचायला बसला की अजून दुखतं. तुम्ही त्याला म्हणालात, "आईला सांगू नकोस, ती खेळच बंद करेल. आणि तुझ्या जागी दुसरा गार्ड आहे कुठे?"

आज संध्याकाळी आईला सांगा. उद्या सकाळी कोचना सांगा. वाचताना दोन आठवडे टिकलेली डोकेदुखी हे कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचं लक्षण असू शकतं, आणि तसं असेल तर या दोन आठवड्यांत तो जे सामने खेळला ते खेळायलाच नको होते. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जीवावर बेततं, आणि ते बहुतेक याच वयाच्या मुलांच्या बाबतीत. टेक्सासमध्ये 2011 पासून यासाठी कायदा आहे. शंका आली की खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचं, त्या दिवशी परत उतरवायचं नाही, डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यायची आणि मग टप्प्याटप्प्याने सराव वाढवायचा. हलका व्यायाम, धावणं, टक्कर नसलेला सराव, टक्करीचा सराव आणि शेवटी सामना. मध्येच डोकं दुखलं तर एक पायरी मागे. सीझनच्या सुरुवातीला याची माहिती देणाऱ्या कागदावर तुमची आणि मुलाची सही झालेली असते. लहान शाळेत खेळाडूंच्या दुखापती बघणारा पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर बहुधा नसतो, त्यामुळे मुलगा गप्प राहिला तर ओळखणारं दुसरं कोणी नाही. तुमच्या घरी तर डॉक्टर आहे, आणि नेमकं तिच्यापासूनच लपवलंत.

मुलगा खेळात कमी पडतोय असं तुमच्या पत्रावरून मला अजिबात वाटत नाही. 56-7 च्या रात्री गाडीतून घरी येताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि मग एक वाजेपर्यंत त्याला व्हिडिओसमोर बसवून त्याचा प्रत्येक चुकलेला ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, दाखवलात. त्या रात्री तो आक्रमण, बचाव आणि किकिंग धरून शंभरावर स्नॅप (चेंडू सुरू होऊन थांबेपर्यंतची एक खेळी) खेळला होता. समोरचा संघ दर दोन-तीन स्नॅपना ताज्या दमाची पोरं आत पाठवत होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय उशिरा उचलले जात होते ते थकव्याने. तुम्ही त्याला आळस म्हणालात. हे त्याच्याशी बोलून मिटवा.

लहान शाळा कुठे हरते तेही याच गोष्टीत आहे. अकरा चांगली मुलं बहुतेक गावांत मिळतात. बारावं, तेरावं, चौदावं मिळत नाही. म्हणून जाणता कोच आधी स्नॅप मोजतो. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा) आणि दोन-तीन लाइनमन (पुढच्या रांगेतले) आक्रमण किंवा बचाव अशा एकाच बाजूला खेळवतो, म्हणजे चौथ्या क्वार्टरला निदान तिघा-चौघांच्या पायात दम उरतो. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंटला (चेंडू लांब मारून समोरच्याला देणं) नववी-दहावीची पोरं उतरवतो आणि त्यांच्याकडून सरावात रोज दहा मिनिटं फक्त तेच करून घेतो. चेंडू धावून पुढे न्यायचा, हडलमध्ये, म्हणजे दोन खेळींमधल्या घोळक्यात, वेळ खायचा. 48 मिनिटांच्या सामन्यात दोन्हीकडे अकरा-बारा वेळा चेंडू येतो तो आठ-नऊवर आणायचा. बलाढ्य संघाला संधीच कमी मिळाल्या की त्याची एखादी फंबलही, म्हणजे हातून सुटलेला चेंडूही, महागात पडते.

डावपेच थोडे ठेवायचे. सहा ते आठ रनिंग प्ले, तेच दोन-तीन रचनांतून, डावीकडे आणि उजवीकडे, त्याच नावांनी सातवीच्या टीमपासून शिकवलेले. म्हणजे मुलगा व्हर्सिटीत, शाळेच्या मुख्य टीममध्ये येतो तेव्हा त्याला तीन-चार वर्षांची सवय झालेली असते. 155 पौंडांच्या गार्डने 260 पौंडांच्या टॅकलला (बचावाच्या पुढच्या रांगेतला धिप्पाड खेळाडू) समोरून ढकलायला जाऊ नये. विंग-टी किंवा व्हीअरसारख्या, चेंडू घेऊन धावण्यावर भर देणाऱ्या पद्धतीत तो बाजूने, कोनातून घुसतो, नाहीतर शेजाऱ्याबरोबर डबल टीम करतो, म्हणजे दोघं मिळून एकाला ढकलतात. डबल टीम जवळून बघा. पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं, दोघांच्या कंबरा एकमेकींना चिकटलेल्या, हात आत, डोकं बाजूला. दोघांची नजर मागच्या लाइनबॅकरवर आणि ताकद एकाच माणसावर. लाइनबॅकर पुढे आला की ज्याच्या बाजूने आला तो सुटतो, दुसरा धरून ठेवतो. चूक बहुतेक वेळा कंबरांमध्ये फट पडल्याने होते, आणि त्या फटीतून तो 260 पौंडांचा सरळ आत येतो. व्हीअरमध्ये तर बचावातल्या एका माणसाला मुद्दाम मोकळा सोडतात. तो आत धावणाऱ्यावर गेला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवतो, क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू धावणाऱ्याला देतो. एक माणूस अडवावाच लागला नाही, म्हणजे तुमचे पाच त्यांच्या सहांना पुरले.

कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डच्या दे ला साल शाळेने हेच केलं. 1979 मध्ये बॉब लाडूसर तिथे कोच झाले तेव्हा त्या शाळेच्या नावावर जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त असा एकही सीझन नव्हता. व्हीअरचाच स्प्लिट-बॅक हा प्रकार, वेट रूममधला वजनं उचलण्याचा व्यायाम आणि वर्षानुवर्षे तेच ते पाया पक्का करणं. 1992 ते 2004 या काळात त्यांनी सलग 151 सामने जिंकले. आज आपण ज्यांना बलाढ्य म्हणतो त्यांतली ही एक.

आर्कान्सासमधल्या लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमी या शाळेचे कोच केव्हिन केली पंट जवळपास करतच नसत. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, आणि बहुतेक संघ चौथ्यात पंट करतात. तीन प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे तर दर वेळी साडेतीनच्या आसपास लागतात, चार प्रयत्न वापरले तर अडीच पुरतात, असा हिशेब. 2015 मध्ये त्यांनी डॅलसच्या हायलँड पार्क शाळेला त्यांच्याच मैदानावर 40-13 असं हरवलं. त्याआधी हायलँड पार्क घरच्या मैदानावर सलग 84 सामने जिंकलं होतं. पण तुमच्या कोचना हे उद्यापासून करा असं सांगायला जाऊ नका. पहिल्या दोन प्रयत्नांत एकच यार्ड मिळवणाऱ्या टीमने पंट सोडला तर ती आपल्याच वीस यार्डांवर चेंडू समोरच्याच्या हातात देते. केलींनी आक्रमण आधी घडवलं, पंट मग सोडला.

सरावाचा वेळ मोठ्या शाळेलाही जास्त मिळत नाही. यूआयएल, म्हणजे टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या नियमाने एका खेळाडूला आठवड्यात 90 मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण टक्करीचा सराव देता येत नाही. 24 मुलांत अकरा विरुद्ध अकरा खेळवलं की निम्मी जायबंदी होतात. म्हणून अर्ध्या लाइनचा सराव घ्यायचा, सहा विरुद्ध सहा. आणि अभ्यास. टेक्सासच्या नो पास, नो प्ले नियमात विषयाला 70 पेक्षा कमी पडले की तीन आठवडे सामना बंद. शंभर जणांच्या टीममध्ये तिघे गेले तर कळतही नाही, तुमच्याकडे तिघे म्हणजे लाइन गेली. तुमच्या मुलाच्या गणिताचा उपयोग इथे होईल, रविवारी संध्याकाळी दोन लाइनमनना घरी बोलवा.

आता शहरातल्या घराबद्दल. मोठ्या शाळेत गेलं की स्कॉलरशिप, हा गैरसमज तुमच्यासारख्या खूप घरांत आहे. एक तर तुमचा बेत यूआयएलच्या नियमात बसत नाही. शाळा बदलली की जुनी शाळा फॉर्म भरून देते आणि खेळासाठी बदलली का, हे त्यात येतं. जिल्ह्याच्या समितीला तसं दिसलं तर मुलगा किमान एक वर्ष व्हर्सिटीत खेळू शकत नाही. शिवाय संपूर्ण कुटुंब खरोखर स्थलांतरित झालेलं लागतं. पत्नीची नोकरी आणि घर गावात, तुम्ही दोघं भाड्याच्या खोलीत, याला कोणी स्थलांतर म्हणणार नाही. म्हणजे अकरावी गेली. बारावीत तो 155 नाही, 170 पौंडांचा गार्ड असेल, आणि त्या शाळेत त्या जागेसाठी 250 पौंडांची पाच मुलं रांगेत. हायस्कूल फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले सुमारे सात जण एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांची संस्था, कुठल्याही स्तरावर पोचतात, डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तराला, तीनही नाहीत. पाच फूट नऊ इंचांच्या गार्डला तिथे पूर्ण स्कॉलरशिप मिळणार नाही. ही आशा सोडा. चांगला असेल तर त्याचा व्हिडिओ छोट्या गावातूनही कोचांपर्यंत पोचतो.

खेळातून कॉलेजच्या वाटा एका ओळीत: एनसीएएसाठी ठरलेले 16 विषय, त्यातले दहा बारावीच्या आधी, डिव्हिजन वनला किमान 2.3 जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी); डिव्हिजन थ्री (सगळ्यात खालचा स्तर) आणि आयव्ही लीगमध्ये (जुन्या नामांकित विद्यापीठांचा गट) खेळासाठी पैसे मिळतच नाहीत, गुणांवर आणि गरजेवर मिळतात.

तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाहीत ते वर्गातलं स्थान माझ्या मते जास्त मोलाचं आहे. टेक्सासच्या 1997 च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांना बहुतेक सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या विद्यापीठाला मर्यादा याहून कडक आहे. तुमचा मुलगा 41 जणांत तिसरा आहे असं तुम्हीच लिहिलंय. अकरावीत त्याला हजार-बाराशेंच्या वर्गात नेऊन टाकलंत तर हे हातचं स्थान जाईल, आणि बदल्यात राखीव बाकावरची जागा.

तो म्हणतो, "मी गेलो तर माझ्या जागी नववीतला वर येईल आणि जेव्हीला अकरा उरणार नाहीत." जेव्ही म्हणजे व्हर्सिटीखालची दुसरी टीम. तुम्ही त्याच्या या म्हणण्याला भावनिक म्हटलंत. मला तो टीमची मोजणी तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा नीट करतोय असं दिसतं. जेव्ही बंद झाली की पुढच्या वर्षी शिकलेला गार्डच नाही, आणि मग 24 ची अठरा व्हायला एक सीझन पुरतो.

डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तो मैदानावर उभा राहून स्नॅप मोजू शकतो, कोचना ते हवंच असतं. नोव्हेंबरात सीझन संपला की कोचना एवढंच विचारा, की त्याच्या जागेसाठी आठवी-नववीतला कोणता मुलगा तयार करायचा. त्या मुलाला डबल टीमची पावलं तुमचा मुलगाच शिकवेल.