वाचकांचे प्रश्न : कणकेची गोळी टेक्सासला चालेल का?

प्रश्न : बँकेतून रिटायर झालोय, वय ६३. लहानपणापासून हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकायची सवय, आमिषाला कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, आणि तंगुसाला तरंगायला मोरपिसाची काडी, बस. एप्रिलमधे मुलीकडे डॅलसला चाललोय. तिथं माझा शाळेतला मित्र असतो, दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर आम्ही दोघं घरी न जाता डायरेक्ट तलावावर गेलो होतो, एवढी जुनी दोस्ती. तो म्हणतोय "ये बे, तुला लेक फोर्कला बास दाखवतो." लेक फोर्क म्हणजे तिथलं तळं, पण मला बास म्हणजे काय तेच माहीत नाही आणि त्याच्यापुढं हसं व्हायला नको. काय नेऊ, काय शिकून जाऊ?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, कणीक घरीच ठेवा. बास कणकेकडं ढुंकून बघणार नाही. तो मृगळासारखा तळाला चरत फिरणारा मासा नाही, शिकारी आहे. लार्जमाउथ म्हणतात कारण जबडा पार डोळ्याच्या मागपर्यंत जातो, समोर हललं आणि तोंडात मावलं की आत, मग तो बारका मासा असो नाहीतर बेडूक. आपल्याकडचा जोडीदार सांगायचा तर मरळ, नात्यानं नाही पण स्वभावानं सेम. आयुष्यात एकदा जरी बेडूक लावून मरळ काढली असेल ना, तर तुम्हाला अर्धं बास फिशिंग येतं असं समजा.

उरलेलं अर्धं मात्र अवघड आहे, आणि ते हाताला शिकवावं लागतं. मी भाच्याकडं गेलो होतो तेव्हा त्यानं रबरी गांडूळ लावून दिलं, पुढं बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन आणि हुकाचं टोक त्या रबरातच लपवलेलं, म्हणजे गवतात झाडात अडकत नाही, ह्याला ते टेक्सास रिगच म्हणतात. मी टाकलं, जरा वेळानं दोरीला टक् असं झालं, आणि मी आपला सोलापुरी सवयीनं बसलो, खाऊ दे, खाऊ दे, काडी बुडू दे, मग ओढू. काडीच नव्हती तर बुडणार काय! बासनं तेवढ्यात रबर चावून बघितलं, थुंकलं आणि गेला. असे चार गेले. भाचा म्हणाला मामा तुम्ही झोपलात का. आपल्याकडं वास माशाला बोलावतो आणि आपण वाट बघतो, तिथं वासाबिसाचं फार काही नाही, काठीचं टोक हळू उचलायचं, खाली सोडायचं, परत उचलायचं, त्या रबरात जीव आपण घालायचा. आणि टक् झालं की दोरीतली ढील गुंडाळून लगेच झटका. बसायचं नाही.

जाण्याआधी गच्चीवर प्रॅक्टिस करा, हसू नका, खरंच सांगतोय. साधं स्पिनिंग रीळ घ्या, दोरीला हुक न लावता नट बांधा आणि बादलीत टाकायचा नेम धरा. मित्र कदाचित तुमच्या हातात बेटकास्टर देईल, ते आडवं रीळ, त्याला सांगा मला नको बे, कारण त्यात अंगठ्यानं दोरी दाबायची सवय असावी लागते आणि नवख्या माणसाच्या हातात दोन मिनिटात सुगरणीचा खोपा होतो, मग अर्धी सकाळ तो सोडवण्यात.

आता सीझनचं. एप्रिलमधे बोलावतोय म्हणजे मित्राला कळतं. पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसला आलं की बास खोल पाण्यातनं काठाकडं सरकतो, नर दोन-चार फूट पाण्यात शेपटीनं खडे-माती साफ करून मोठ्या परातीएवढं गोल घरटं करतो, मादी अंडी घालून जाते आणि राखणीला नर थांबतो. एरवी दडून राहणारा मासा तेव्हा उथळ पाण्यात डोळ्यांनी दिसतो, म्हणून तर सगळे ह्याच दिवसात पळतात. पोलराइज्ड गॉगल न्या, पाण्यावरची चमक मारली जाते आणि घरटी दिसतात. फक्त मधेच उत्तरेचं गार वारं सुटलं की एक-दोन दिवस मासा सुस्तावतो, त्या दिवशी नाही लागला तर स्वतःला दोष देऊ नका, रबर अजून हळू हलवा.

पण एक माझं मत, पटलं तर घ्या. तुम्ही हिप्परग्याला मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका वर आलेला बघितला असेल, खाली आईबाप फिरत असतात, आणि तेव्हा जो त्यांना काढतो त्याला जुने लोक शिव्या घालायचे. बासचं तेच आहे. घरट्यावरचा नर भुकेनं नाही, रागानं चावतो. त्याला उचललं की बारके मासे टपलेलेच असतात, अंडी साफ. त्यामुळं घरट्यावरचा लागलाच तर फोटोच्या नादात बोटीत दहा मिनिटं ठेवू नका, हात ओला करून खालच्या ओठाला अंगठा लावून धरा, मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात द्या, आणि तिथंच सोडा. दात घाबरण्यासारखे नसतात, खरकागदासारखे, अंगठा थोडा सोलतो एवढंच.

सोडायचं ऐकून "मग कालवण?" असं मनात आलं असेल, माझ्या आलं होतं. लेक फोर्कला नियमच तसा आहे, १६ ते २४ इंचाचा बास ठेवता येत नाही, दिवसाला पाच ठेवायची मुभा आणि त्यात २४ च्या वरचा एकच. मोठ्या माद्या वाचाव्यात म्हणून. आणि फळ बघा, टेक्सासचा रेकॉर्ड बास ह्याच तळ्यातला, १९९२ चा, १८.१८ पाउंड, म्हणजे सव्वाआठ किलो! लायसन आधी ऑनलाइन काढून ठेवा, बाहेरच्या माणसाला एका दिवसाचं पण मिळतं. आणि बोटीचा योग नाहीच आला तर टेक्सासच्या स्टेट पार्कमधे काठावरनं गळ टाकायला लायसन लागत नाही, ही गोष्ट मित्रालाही माहीत नसेल, त्याला सांगून भाव खा.

अजून एक, गळाचं सामान नेऊच नका. हुक आणि चाकू चुकून हँडबॅगेत राहिले तर विमानतळावर बोलणी खाल. मित्रासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या, तिकडं उतरल्यावर कस्टमला खाण्याचं आहे म्हणून सरळ सांगायचं. बोटीत डबा तोच. आणि हो, लेक फोर्कचं धरण १९८० चं, आपलं उजनी पण १९८० चंच. उजनीत गावं बुडाली, उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर येतं, तर लेक फोर्कला बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यात उभे आहेत आणि बास त्यांच्याच आडोशाला असतो. मित्र बोट त्या झाडात घालायला लागला की घाबरू नका, लाइफ जॅकेट मात्र काढू नका.

प्रश्न : एवढा खेळाचा मासा आहे तर बास उजनीत का सोडत नाहीत? टुरिझम पण वाढेल.
— एक कॉलेजवाला, सात रस्ता

उत्तर : अरे बाबा, नको. जपाननं १९२५ ला तो बाहेरनं आणला, पुढं तळ्यातळ्यात पसरला आणि तिथले मूळ मासे खात सुटला. २००९ ला त्यांच्या बिवा तळ्यात जगातल्या सगळ्यात मोठ्या बासची, २२ पाउंड ४ औंसाची, बरोबरी झाली, त्याचं कौतुक सगळीकडं झालं, पण त्याच बिवात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. टेक्सासला सोडा म्हणणारा मीच, आणि जपानला सोडू नका म्हणणारा पण मीच, कारण तिथं तो घुसखोर आहे. आपल्या उजनीत बाहेरनं आलेल्या चिलापी माशानं आधीच काय केलंय ते कोळ्यांना विचार. रोहू-कटल्याची पिल्लं सोडायची आणि शिकाऱ्यानं खायची, कशाला?

प्रश्न : सुट्टीत नातवंडांना गळ शिकवायचाय. मोठा मासा नको, पण काहीतरी लागलं पाहिजे नाहीतर मोबाइल काढतात.
— एक आजी, अक्कलकोट रोड

उत्तर : आजी, चिलापी! मूळची आफ्रिकेची, पण पोरांचा पहिला मासा म्हणून तिच्यासारखी गुणी नाही. अगदी बारका हुक, गांडुळाचा अर्ध्या बोटाएवढाच तुकडा, अख्खं लावलं तर कुरतडून नेते. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला उथळ पाण्यात ताटासारखे गोल खड्डे दिसतात, ते नरानं केलेले असतात, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, हे पोरांना दाखवा, मोबाइल खिशातच राहील. खड्ड्याच्या बाजूला जरा खोल टाका. ज्यांच्याकडं तलावाचा ठेका आहे त्यांना आधी विचारून घ्या, पोरांच्या चार काठ्यांना सहसा नाही म्हणत नाहीत. सहाला पोचा, साडेनऊला परत निघा, एप्रिल-मेमधे त्यानंतर आपल्याकडं काठावर पाय ठेववत नाही. आणि माशाच्या पाठीवरच्या काट्यांवर मागनं हात फिरवून ते खाली दाबायचे, मगच मासा धरायचा, हे पहिल्या माशाआधी शिकवा, नंतर नाही.