क्षाराचा क्रमांक वेगळा, म्हणून रसायन नियमातून सुटत नाही

आग विझवायच्या जुन्या फेसाचे ड्रम परदेशी भट्टीत जाळायला पाठवायचेत आणि कार्यालय म्हणतंय, "हा सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख-क्रमांक) यादीत नाही, संमती कशाला?" तुमची पोस्ट वाचली आणि जुनी ठसठस जागी झाली. हेच तोंडी उत्तर आम्ही खरं मानलं होतं. माल निघायच्या तोंडावर सगळे कागद नव्याने करावे लागले.

अशा जुन्या फेसात असणारं पीएफओएस (परफ्लुरोऑक्टेन सल्फोनिक आम्ल आणि त्याचे क्षार) म्हणजे एक क्रमांक नव्हे. आम्लाचा १७६३-२३-१, पोटॅशियम क्षाराचा २७९५-३९-३, अमोनियम, लिथियम क्षारांचे आणखी वेगळे. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात २००९ साली आम्लाबरोबर 'त्याचे क्षार' असंही नोंदलं गेलं. खिडकीवरचा माणूस फक्त आम्लाचा क्रमांक शोधतो आणि फाइल परत करतो. याचा मला आजही संताप येतो, कारण न मोजलेला ड्रम शेवटी कुणाच्या तरी पाण्यात उतरतो.

क्रमांक टंकताना चुकला का, तेही बघा. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. बाकीचे अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा: २७९५-३९ ची बेरीज ११३ येते, शेवटी ३, म्हणजे जुळलं.

दुसरी गोची वजनाची. प्रयोगशाळा बहुधा आम्ल किंवा आयन धरून आकडा देते, साठ्याच्या वहीत मात्र क्षार असतो. १ किलो पोटॅशियम क्षार म्हणजे साधारण ०.९३ किलो आम्ल. हे लिहिलं नाही तर कागदावर ७ टक्के माल 'गायब' दिसतो. नमुना ड्रम नीट ढवळून, पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घ्या. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण अजिबात नको.

घातक कचरा देशाबाहेर नेण्यावरच्या बाझल करारातली लेखी संमती वाटेतल्या देशांचीही लागते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण 'माल पोचला' आणि 'माल नष्ट झाला' हे दोन वेगळे दाखले आहेत. दुसरा हातात येईपर्यंत फाइल उघडी ठेवा.

मी वकील नाही, आणि मर्यादा देशागणिक बदलतात. तरी माझं ठाम मत: क्षारांचे क्रमांक जोडून प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

जाता जाता: फेसाची टाकी एकदा धुऊन भागत नाही, पीएफओएस भिंतींना चिकटून राहतं. धुतलेलं पाणीही त्याच हिशेबात धरा.