बैल गाडी ओढतो तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी हलते कशी?

ही दोन बलं वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडी हलते की नाही हे फक्त गाडीवर लागणाऱ्या बलांची बेरीज ठरवते. निपाणी-चिकोडीकडची उसाने भरलेली बैलगाडी घ्या, एकूण 1500 किलो. बैलजोडी जूमार्फत 600 न्यूटनने पुढे ओढते आणि चाकांचा विरोध 450 न्यूटन आहे असं धरू. उरले 150, म्हणजे त्वरण 150 ÷ 1500 = 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडीचं 600 न्यूटनचं मागचं बल बैलांवर लागतं, ते या बेरजेत येतच नाही. मग बैल का थांबत नाहीत? खुरांनी ते जमीन मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. जोडी 800 किलोची असेल तर जमिनीकडून 680 न्यूटन हवेत: 600 गाडीसाठी, 80 स्वतःच्या त्वरणासाठी. फडातल्या ओल्या काळ्या मातीत गाडी रुतते ती याच जागी. खूर घसरतात, जमीन तेवढं बल परत देऊ शकत नाही, शिवाय रुतलेल्या चाकांचा विरोध वाढतो. ताकद बैलात असूनही उपयोग नाही. परीक्षेतली नेहमीची चूक म्हणजे दोन्ही बलं एकाच आकृतीत काढणं. गाडीची आकृती वेगळी काढा, बैलांची वेगळी. मात्र एक लक्षात ठेवा: गाडी सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालू लागली की ओढ आणि विरोध समान होतात, जास्तीचं बल फक्त वेग वाढवताना लागतं.