वाड्यांच्या मेशसाठी हेल्टेक व्ही3 घ्यावा की रॅक 4631?

तुमच्या पाच वाड्यांच्या मेश्टॅस्टिकसाठी, म्हणजे फोनच्या रेंजशिवाय रेडिओवरून मेसेज एकमेकांकडे पोचवणाऱ्या जाळ्यासाठी, स्वस्तातला हेल्टेक पुरेल का, की त्याच कामाचा महागातला रॅक बोर्ड घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. घरात चार्जरला लावून ठेवायचा असेल तर खुशाल घ्या. टेकडीवर सोलरवर बसवायचा असेल तर अजिबात नको. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण याच मुद्द्यावरून माझं आणि मेव्हण्याचं दोन वर्षं वाजतंय.

आमची वाडी राजगड (आधीच्या वेल्हे) तालुक्यातली. खिंडीपलीकडे फोनला रेंज नाही. वरच्या टेपाडावर एक नोड (मेसेज पुढे ढकलणारा असा एक बोर्ड) बसला की दोन्ही अंगांच्या वाड्या जोडल्या जातात. मी रॅक म्हणत होतो. मेव्हणा म्हणाला, "दोन्हींत रेडिओ चिप एकच, एसएक्स1262. मग जास्तीचे पैसे कशाला? पॅनेल मोठं लावू."

अरे, पण भूक रेडिओ चिपची नाही, प्रोसेसरची! हेल्टेकमधला ईएसपी32 नुसता ऐकत बसला तरी 100 मिलिअँपिअरच्या आसपास खातो. रॅकमधला एनआरएफ52840 दहा-बारात भागवतो. 3000 एमएएचच्या सेलवर एक जेमतेम सव्वा दिवस, दुसरा दहा दिवस.

शेवटी हेल्टेकच बसवला. एप्रिल-मेमध्ये तो झकास चालला. मेव्हण्याची कॉलर ताठ. मग आषाढ लागला. आमच्याकडे तेव्हा आठ-आठ दिवस अंगणातला फणस दिसत नाही, तिथे पॅनेल मोठं असून काय करणार? तिसऱ्या दिवशी नोड गप्प. श्रावणात उघडीप मिळाल्यावर वर जाऊन डबा उघडला, तर सेलच्या टोकाला हिरवा गंज आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी. केबल ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं पाणी अडवणारं बूच) आवळायची राहिली होती, ती चूक माझी.

आता तिथे रॅक आहे. गेला पावसाळा काढला त्याने.

घेताना बँड (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा पट्टा) तेवढा बघा. आपल्याकडे विनापरवाना 865 ते 868 मेगाहर्ट्झ चालतं, म्हणून हेल्टेकचा 863-928 वाला घ्या. 470-510 वाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. पाच वाड्यांना नोड किती लागतील, ते जागा बघितल्याशिवाय कुणी सांगू नये.

आणि हो, पॉवर सेव्हिंग लावून वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवलं तर ईएसपी32चा खप बराच उतरतो. आम्ही ते केलं नव्हतं. मेव्हण्याला हे अजून सुचलेलं नाही. तो म्हणतो, पॅनेलची दिशा चुकली होती. दिशा त्यानेच लावली होती, होकायंत्र हातात धरून.